जुन्या घराच्या भिंतींतील भेगा

काळ्या जमिनीवरील जुन्या विटांच्या घरांत उन्हाळ्यात भेगा उघडतात व पावसाळ्यात पुष्कळशा मिटतात. कारण ही माती पाण्याने फुगते आणि सुकताच आकसते. गिलाव्यातील केसासारख्या रेघांनी घाबरण्याचे कारण नाही. परंतु खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी, विटा चिरीत गेलेली व ५ मिलिमीटरांहून रुंद भेग दिसल्यास गिलावा खरवडून विटांवर सिमेंटची पातळ आडवी पट्टी द्यावी व तीवर तारीख लिहावी. पट्टी तडकल्यास भिंत अद्याप हलत आहे असे समजावे. अशी भेग नुसती लिंपणे म्हणजे दुखणे झाकणेच होय. न्हाणीचे पाणी पायात मुरते काय, हेही पाहावे. पुष्कळदा दोष तेथेच सापडतो. भिंत ओळंब्यात नसेल किंवा तीस फुगवटा आला असेल, तर टेकू देऊन ती जाणत्या गवंड्यास दाखवावी. तोवर तिच्यालगत कोणीही निजू नये.