हौस रुंद चाकांची, हिशेब सुरक्षिततेचा

नवी मोटार घरी येऊन वर्ष लोटत नाही तोच घरातील तरुण मंडळींचे लक्ष तिच्या चाकांकडे वळते. कारखान्याने दिलेली चाके त्यांना किरकोळ वाटू लागतात आणि बाजारातील रुंद, चकचकीत अलॉय चाके खुणावू लागतात. या हौसेला नाक मुरडण्याचे कारण नाही. योग्य मापाच्या रुंद चाकांमुळे गाडी वळणावर अधिक खंबीर राहते, हे खरेच आहे. परंतु ज्या गाडीतून सारे कुटुंब प्रवास करते, तिची चाके केवळ डोळ्यांना आवडली म्हणून निवडणे बरे नव्हे. खरेदीपूर्वी अर्धा तास कागद-पेन्सिल घेऊन बसावे. हा हिशेब कोणासही जमण्याजोगा आहे.

उदाहरण म्हणून जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-५ ही गाडी घेऊ. दोन आसनांची, उघड्या टपाची ही छोटी स्पोर्ट्स गाडी १९८९ साली जगापुढे आली आणि चाके बदलणाऱ्या हौशी लोकांची ती फार आवडती ठरली. तिच्या मूळ टायरवर ‘१८५/६० आर १४’ असे माप असे. यातील १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या शेकडा ६०. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि १४ हा रिमचा व्यास, इंचांत. आपल्या गाडीचा टायरही याच रीतीने वाचावा.

आता गणित मांडू. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. १८५ चे शेकडा ६० म्हणजे १११. भिंत वर एक व खाली एक, म्हणून २२२. बेरीज झाली ५७७.६ मिलिमीटर. हा चाकाचा एकूण व्यास. १९९८ साली या गाडीची दुसरी आवृत्ती विक्रीस आली, तेव्हा तिच्या काही प्रकारांना १९५/५० आर १५ हे टायर दिले गेले. त्यांचा व्यास येतो ५७६ मिलिमीटर. टायर रुंद झाला, रिम इंचभर मोठे झाले, तरी चाकाची उंची जवळजवळ तीच राहिली. अभियंत्यांनी पाळलेले हे पथ्य आपणही पाळावे. हौशी मंडळी पुष्कळदा २०५/५० आर १५ घेतात. त्याचा व्यास ५८६ मिलिमीटर, म्हणजे मूळ चाकाहून सुमारे दीड टक्का अधिक. वेगदर्शक काटा पूर्वीचाच आकडा दाखवील, पण गाडी दीड टक्का अधिक वेगाने धावत असेल. एवढा फरक चालून जातो. तो तीन टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नये.

दुसरा प्रश्न जागेचा. चाकाचे जे पृष्ठ हबवर टेकते, त्याचे रिमच्या मध्यरेषेपासूनचे अंतर म्हणजे ‘ऑफसेट’. एमएक्स-५ च्या मूळ साडेपाच इंची रिमचा ऑफसेट ४५ मिलिमीटर होता. त्याच ऑफसेटचे सात इंची रिम बसविल्यास ते आत व बाहेर प्रत्येकी १९ मिलिमीटर सरकते. ऑफसेट ३५ घेतला, तर आत केवळ ९, पण बाहेर २९ मिलिमीटर. आत चाक स्प्रिंगला घासता कामा नये आणि बाहेर मडगार्डला. म्हणून गाडीत माणसे बसवून, स्टिअरिंग दोन्ही अंगांना पूर्ण फिरवून पाहावे. बोल्टची संख्या, त्यांच्या वर्तुळाचा व्यास आणि मधले छिद्र हेही तंतोतंत जुळले पाहिजे.

रुंद टायर घेतला की रस्त्याला टेकणारे रबर दुप्पट होते, असा एक समज आहे. तो खरा नाही. गाडीचे वजन ९६० किलो धरले, तर एका चाकावर २४० किलो भार येतो. हवेचा दाब २६ पौंड असता जमिनीला टेकणारा भाग ढोबळ मानाने १३० चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळपास तळहाताएवढा असतो. भार व दाब तेच राहिले, तर रुंद टायरने हे क्षेत्र फारसे वाढत नाही. लांबट ठसा आडवा होतो, इतकेच. वळणावर त्याचा लाभ होतो. मात्र भर पावसात साचलेले पाणी बाजूस सारणे रुंद टायरला अधिक जड जाते आणि गाडी पाण्यावरून घसरण्याचा धोका वाढतो. कोकणात वा आसामात राहणाऱ्या वाचकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. झिजलेल्या रुंद टायरपेक्षा खोल खाचांचा अरुंद टायर शतपटीने बरा. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर येण्यापूर्वीच टायर बदलावा.

आणखी दोन गोष्टी. टायरवर मापापुढे ‘८२ एच’ अशी खूण असते. ८२ म्हणजे त्या टायरची भारक्षमता ४७५ किलो आणि ‘एच’ म्हणजे वेगमर्यादा ताशी २१० किलोमीटर. नवा टायर या दोन्ही बाबतींत मूळ टायरहून उणा नसावा. तसेच बाजूची भिंत जितकी बुटकी, तितका खड्ड्याचा तडाखा थेट रिमला बसतो. रिमला तडा जातो किंवा टायरला फुगा येतो. खड्ड्यांच्या वाटेने रोज जाणाऱ्याने फार बुटका टायर घेऊच नये.

कायद्याकडेही पाहिले पाहिजे. मोटर वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीची नोंदणीतील माहिती निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हीच गोष्ट स्पष्ट केली आहे. म्हणून आपल्याच गाडीच्या वरच्या प्रकाराला निर्मात्याने कोणते माप दिले आहे ते प्रथम पाहावे आणि चाके बदलल्यास विमा कंपनीस लेखी कळवावे.

चाके बसविल्यावर शंभर किलोमीटरच्या आत नट पुन्हा योग्य जोराने आवळून घ्यावेत. आणि घरातील तरुणाने अमुकच चाक हवे असा हट्ट धरलाच, तर त्याला रागावू नका. त्याच्या हाती पेन्सिल द्या आणि व्यास, ऑफसेट व भारक्षमता त्यालाच मांडू द्या. नाकापेक्षा मोती जड होत असेल, तर ते त्याचे त्यालाच उमगेल.