विटाळाचा धडा

शिवाशिव मुलाला कोणी पाठ करवीत नाही. घागरीला हात लागताच घरातून 'शिवू नकोस!' अशी हाक येते, तेवढे पुरते. काकासाहेब कालेलकर अशाच कर्मठ घरात वाढले. बालपणाचा काही काळ बेळगावकडे गेला. त्याच बेळगावास डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली, तेव्हा मैलासफाईचे काम त्यांनी अंगावर घेतले आणि ब्राह्मण तरुण त्यांच्या हाताखाली राबले. (त्यांच्या आयांना काय वाटले असेल!) परंतु चार दिवसांत सुटलेला विटाळ घरी परतल्यावरही सुटलेलाच राहतो काय? एप्रिल १९२५ मध्ये जवळच निपाणीस भरलेल्या बहिष्कृत परिषदेत डॉ. आंबेडकरांनी स्पष्टच म्हटले, की खादीइतका आग्रह गांधीजी अस्पृश्यतानिवारणाचा धरीत नाहीत. बेळगावी काँग्रेसने सभासदत्वासाठी सूत मागितले होते. शिवाशिव सोडण्याची अट घातली नव्हती.