हीटर पाणी पितो काय?

कॅनडातल्या घरांत हिवाळ्यात हीटर सुरू झाला, की ओठ फुटू लागतात. दाराच्या मुठीला हात लावताच कधी बारीकशी ठिणगीही उडते! हीटर हवेतले पाणी पितो काय? मुळीच नाही. बाहेरची ०° सेल्सिअसची संपृक्त हवा किलोमागे जेमतेम ३.८ ग्रॅम बाष्प बाळगते. तीच घरात २०° पर्यंत तापली, की १४.७ ग्रॅम सामावू शकते. बाष्प मात्र तेवढेच! म्हणजे सापेक्ष आर्द्रता उरली शेकडा २६. त्वचेवरचा ओलावा भराभर उडतो, जाताना उष्णता नेतो आणि तापलेल्या खोलीतही गारवा जाणवतो.

मग पाण्याचे पातेले ठेवावे? ठेवा, पण बेताने. नाहीतर थंडगार काचांवर दव साचून चौकटींना बुरशी धरेल. शिवाय त्या पाण्याची वाफ होण्यास ग्रॅममागे सुमारे ५८५ कॅलरी उष्णता लागणार, आणि ती हीटरनेच पुरवायची!