कूस बदलायला कोणाची सही लागते?

परिचारिका वाचत नाहीत, म्हणून संशोधन वॉर्डात उतरत नाही, असं दर परिषदेत व्यासपीठावरून ऐकवलं जातं. ऐकवणाऱ्यांनी शेवटची नाइट ड्यूटी कधी केली, हे विचारायची सोय नसते.

नाइटिंगेलबाईंपासून सुरुवात करायचा रिवाज मी मोडते. १९८१ साली इंग्लंडात जेनिफर हंट यांनी पाच कारणं मांडली: परिचारिकांना संशोधन माहीत नसतं, कळत नाही, पटत नाही, वापरायचं कसं ते ठाऊक नसतं, आणि वापरू दिलं जात नाही. आमचे विद्वान पहिल्या चारांवरच थांबतात. १९९१ साली सँड्रा फंक आणि सहकाऱ्यांनी २९ अडथळ्यांची यादी अमेरिकी परिचारिकांपुढे ठेवली, तेव्हा पाचवंच कारण वर आलं: सेवेची पद्धत बदलायचा अधिकार नाही. त्याखालोखाल वेळ. पुढे ही यादी देशोदेशी फिरली. तो भाग कंटाळवाणा आहे.

माझा जीव अडकलाय तो डोरीन नॉर्टन यांच्यात. १९६२ साली या परिचारिकेने दोन सहकाऱ्यांसह वृद्ध रुग्णांचा अभ्यास केला. प्रकृती, मनाची अवस्था, चालणं, हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा, प्रत्येकाला चारपैकी गुण. बेरीज १४ किंवा कमी, तर बेडसोरचा धोका. उपाय चोळण्या-माखण्यात नाही, ठरल्या वेळी कूस बदलण्यात आहे. किती साधं! तरी आमच्याकडे सकाळी बॅक केअरची ट्रॉली निघायची ती स्पिरिट आणि पावडर घेऊनच. माकडहाडावर लाली दिसली की तिथेच जोरात चोळायचं, खाली रबराची रिंग सरकवायची. दोन्हींनी नुकसानच होतं. पण प्रात्यक्षिक परीक्षेत स्पिरिट विसरलं की गुण जायचे; मुली नॉर्टन वाचून काय करणार होत्या?

आता चार्ट आले. दोनला डावी कूस, चारला उताणं, सहाला उजवी. हँडओव्हरच्या आधी नीट पाहा: सगळ्या नोंदी एका शाईत, एका बैठकीत लिहिलेल्या असतात. जड रुग्ण ड्रॉशीटने वळवायला दोघी लागतात आणि रात्री वॉर्डात सिस्टर एकटी. शिक्षण रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष कागदावरच राहिला.

सलाइनच्या सुईचंही तेच. क्लेअर रिकर्ड या परिचारिकेने ऑस्ट्रेलियात ३,२८३ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. सुई दर तीन दिवसांनी बदला की गरज पडेल तेव्हा, शीर सुजण्याचं प्रमाण दोन्हीकडे ७ टक्के. एका रुग्णालयात सिस्टरने हा निबंध दाखवला, तर उत्तर मिळालं, ‘कमिटीत मांडा.’ कमिटीत परिचारिका नव्हतीच.

उलट उदाहरणही आहे. कमी वजनाच्या बाळाला जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलं, तर मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटतात, हे २०२१ साली पाच देशांतल्या अभ्यासात दिसलं. दिल्लीचं सफदरजंग त्यात होतं. त्यासाठी नवजात अतिदक्षता विभागात आईची खाट आणावी लागली. म्हणजे आधी नियम हलला, मग परिचारिकांचे हात.

हल्ली एम.एस्सी.चे प्रबंध ढीगभर होतात. बहुतेकांचा विषय एकच: अमुक शिकवल्यावर परिचारिकांचं ज्ञान किती वाढलं. ज्ञान वाढतंच, प्रबंध कपाटात जातो. एखादीने तरी मोजावं, की इन्चार्ज सिस्टरच्या एकटीच्या सहीने तिच्या वॉर्डात काय काय बदलू शकतं. यादी फार छोटी निघेल, आणि तीच परिषदेत वाचून दाखवायला हवी.