आडव्या नळीची ओळख
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

मुंबई-पुण्याकडे जुन्या गाड्यांची रॅली असली, की तिथे एखादी फोक्सवॅगन बीटल हमखास दिसते. तिची ती कासवासारखी पाठ लहान मुलांनासुद्धा ओळखू येते. मालक हौशीनं मागचं झाकण उघडून दाखवतो, कारण बीटलचं इंजिन मागे असतं. बघणारे वाकतात आणि पहिला प्रश्न विचारतात, ‘‘रेडिएटर कुठाय?’’ रेडिएटर नाहीच. हे इंजिन हवेवर थंड होतं. मग पंखा बघून होतो, डायनॅमो बघून होतो, पट्टा बघून होतो. कार्ब्युरेटरच्या खालून डावीउजवीकडे गेलेल्या एका आडव्या नळीकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते याच नळीबद्दल. तिला इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. इंजिन कोणत्या काळातलं आहे, मूळचं आहे की नंतर बदललेलं, याचा पहिला सुगावा बऱ्याचदा ही नळीच देते.

या नळीशी माझी ओळख झाली ती एका चुकीतून. आमचे मेहुणे, ज्यांना आम्ही दाजी म्हणतो, ते जर्मनीत काही वर्षं होते. परत येताना त्यांनी १९६६ मॉडेलची बीटल १३०० बरोबर आणली. गाडी पुण्यात छान चालायची. पण पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात शिरली, की धापा टाकू लागायची. उन्हाळ्यात तक्रार नाही, थंडीत थोडीशी, आणि पावसात मात्र हमखास. आम्ही जेट साफ केले, फ्लोट बदलला, पेट्रोलपंप उघडला. काही उपयोग होईना. शेवटी एकदा भर पावसात घाटात थांबून मी त्या आडव्या नळीला हात लावला. अर्धा तास चाललेल्या इंजिनाची नळी, आणि हाताला लागली माठासारखी गार! तिच्यावर पाण्याचे थेंबही जमले होते.

माठाचा उल्लेख मी उगीच केला नाही. माठाच्या अंगावरचं पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. कार्ब्युरेटरमध्ये तेच पेट्रोल करतं. हवेच्या झोतात पेट्रोलचं धुकं होतं, ते उडू लागतं आणि आजूबाजूचा धातू गार पडतो. बाहेरची हवा कुंद, ओलसर असेल, तर त्यातला ओलावा आतल्या बाजूला गोठतो. त्यासाठी बाहेर बर्फ पडायला लागत नाही. आपल्या घाटातल्या पावसाळी हवेतसुद्धा हे होऊ शकतं. शिवाय गार नळीच्या आतल्या बाजूवर पेट्रोलचे थेंब धरतात. मग सिलिंडरला कधी जास्त पेट्रोल मिळतं, कधी कमी, आणि इंजिन अडखळतं.

पाण्यावर थंड होणाऱ्या गाड्यांना हा त्रास फारसा होत नाही. कित्येक गाड्यांत इंजिनाचं गरम पाणीच या नळीभोवती फिरवलेलं असतं. आपल्या अँबॅसॅडरमध्ये हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा असे दोन्ही मॅनिफोल्ड इंजिनाच्या एकाच बाजूला शेजारीशेजारी असत, त्यामुळे ऊब आपोआप मिळायची. बीटलची रचना वेगळी. तिचे चार सिलिंडर आडवे पडलेले, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे. कार्ब्युरेटर एकच, मध्यभागी. म्हणजे पेट्रोलमिश्रित हवेला दोन्ही बाजूंना लांबचा प्रवास. गरम पाणी तर गाडीत नाहीच.

यावर फोक्सवॅगननं केलेला उपाय असा : मुख्य नळीच्या खालून एक बारीक, दुसरी नळी नेली. तिची दोन्ही टोकं धुराच्या मार्गाला जोडली. सिलिंडरमधून निघालेला गरम धूर या बारीक नळीतून इकडून तिकडे जातो आणि कार्ब्युरेटरच्या खाली मुख्य नळीला शेकतो. दोन्ही नळ्या तिथे एकमेकींना चिकटलेल्या असतात, पण आतून वेगळ्या. धूर आणि मिश्रण एकत्र येत नाही. आपण तिला गरम नळी म्हणू. तिचा दोष एकच. धूर तिच्यातून सावकाश जातो, त्यामुळे काजळी साचते आणि वर्षानुवर्षांनी ती पूर्ण बुजते. दाजींच्या गाडीत नेमकं हेच झालं होतं.

खरं तर ती साफ करता येते. जुनी स्टीलची केबल टोकाशी उसवून ड्रिलला लावायची, नळी गॅसच्या ज्योतीवर तापवायची आणि थोडीथोडी काजळी खरवडत जायचं. वेळखाऊ काम. ते न करता आम्ही मॅनिफोल्ड एका मिस्त्रीकडे नेला. तो म्हणाला, ‘‘साहेब, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? ही नळी काढूनच टाकू.’’ आणि आम्ही मान डोलावली. त्यानं गरम नळी कापली, टोकं वेल्डिंगनं बंद केली. दोष त्याला एकट्याला कसा द्यायचा? होकार आमचा होता. पुढच्या पावसाळ्यात गाडी घाटात पहिल्यापेक्षा वाईट वागली आणि फॅक्टरीतून आलेला मॅनिफोल्ड कायमचा हातातून गेला.

आता दुसरा आणायचा होता. भाचा अमेरिकेत शिकत होता, त्याला पत्र लिहिलं. दाजींच्या जर्मन पुस्तिकेत इंजिनाची ताकद ४० लिहिलेली, म्हणून ‘‘४० हॉर्सपॉवर बीटलचा मॅनिफोल्ड आण’’ असं कळवलं. त्यानं तसंच दुकानात सांगितलं, दुकानदारानं तसाच दिला. इकडे आल्यावर आमचा कार्ब्युरेटर त्यावर ठेवला, तर खालचं तोंड लहान! काठ चारी बाजूंनी आत आलेला.

घोटाळा शब्दांचा होता. जर्मनीत ताकद मोजायची पद्धत एक, अमेरिकेत त्या काळी दुसरी. अमेरिकन आकडा नेहमी मोठा यायचा. ११९२ सीसीचं जे इंजिन जर्मनीत ३० चं, त्याला अमेरिकेत ३६ चं म्हणत. त्यानंतरचं ११९२ सीसीचं इंजिन जर्मनीत ३४ चं, तेच अमेरिकेत ४०. आणि आमचं १२८५ सीसीचं, म्हणजे बीटल १३०० चं, जर्मनीत ४० तर अमेरिकेत ५०! आम्ही जर्मन ४० मागितलं, मिळालं अमेरिकन ४०. आजही जुन्या सामानाच्या बाजारात हे आकडे असेच एकमेकांत मिसळलेले असतात. म्हणून हॉर्सपॉवर विचारू नये, सीसी विचारावेत.

त्यानंतर मी या नळ्यांच्या मागेच लागलो.

ओळख पटवायला सुरुवात नळीच्या टोकांपासून करावी. बीटलच्या प्रत्येक बाजूच्या हेडला मिश्रण आत घेणारं भोक एक आहे की दोन, ते बघावं. जुन्या इंजिनांत एकच भोक असतं आणि आत गेल्यावर त्याला दोन फाटे फुटतात. अशा इंजिनावरचा मॅनिफोल्ड म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड पोलादी नळी. ऑगस्ट १९७० पासून, म्हणजे १९७१ मॉडेलपासून, १३०० आणि १६०० इंजिनांना प्रत्येक हेडवर दोन भोकं आली. त्यांचा मॅनिफोल्ड तीन तुकड्यांचा असतो. मधली नळी वेगळी आणि दोन्ही टोकांना अॅल्युमिनियमचे ओतीव, दुतोंडी तुकडे. सांध्यावर रबरी नळकांडी आणि क्लॅम्प. हे रबर दिसलं, की ते इंजिन पन्नास-साठच्या दशकातलं नाही हे दुरूनही सांगता येतं. मात्र उलट बाजूनं तर्क करू नये. १२०० चं इंजिन शेवटपर्यंत एकभोकीच राहिलं. तेव्हा अखंड नळी दिसली म्हणजे गाडी फार जुनी, असं नाही.

खरी कसोटी या अखंड नळ्यांमध्येच आहे. इथे व्हर्नियर कॅलिपर कामाला येतो. बीटलवर सोलेक्स कंपनीचे कार्ब्युरेटर असत आणि त्यांच्या नावातला पहिला आकडा म्हणजे तोंडाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. महायुद्धानंतरच्या २५ हॉर्सपॉवरच्या, ११३१ सीसीच्या इंजिनावर आधी २६ चा कार्ब्युरेटर होता. १९५२ च्या ऑक्टोबरात २८ चा आला, आणि त्याच्याबरोबर अॅक्सिलरेटर दाबताच पेट्रोलची जादा पिचकारी मारणारा छोटा पंपही. १३०० आणि १५०० वर ३०, दुभोकी १६०० वर ३४. मॅनिफोल्डचं वरचं तोंड साधारण या मापाला जुळतं. आमच्या हातात आलेलं तोंड २८ चं होतं, हवं होतं ३० चं.

आता यातली मेख बघा. २८ चं माप तीन इंजिनांना आहे : १९५२ नंतरचं ११३१ सीसी, १९५४ च्या सुरुवातीला आलेलं ३० चं आणि ऑगस्ट १९६० ला आलेलं ३४ चं. यातली शेवटची दोन तर सीसीनंही सारखीच, दोन्ही ११९२. पण ३४ चं इंजिन जवळजवळ नव्यानंच आखलेलं होतं. सिलिंडरमधलं अंतर बदललं, हेड बदललं, त्यामुळे आधीच्याचा मॅनिफोल्ड यावर बसत नाही. अशा वेळी नळी सोडून बाजूला बघावं. डायनॅमो ज्या उभ्या बैठकीवर बसतो, ती जुन्या इंजिनात क्रँककेसबरोबरच ओतलेली असते, नव्यात बोल्टनं बसवलेली, सुटी. दुसरी खूण चोकची. जुन्याला हातानं ओढायचा चोक, नव्याला विजेवर चालणारा आपोआप चोक. कार्ब्युरेटरच्या अंगाला गोल डबी दिसली, तर तो दुसरा.

गाडीच्या सालावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. एक तर फोक्सवॅगनचं मॉडेलवर्ष ऑगस्टात सुरू व्हायचं. सप्टेंबर १९६५ ची गाडी १९६६ मॉडेलची. दुसरं म्हणजे, जर्मनीत विकल्या जाणाऱ्या साध्या ‘स्टँडर्ड’ बीटलला १९६० नंतरही काही वर्षं जुनंच ३० चं इंजिन मिळत होतं. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जुनं इंजिन देऊन कारखान्यातून दुरुस्त झालेलं इंजिन घेण्याची सोय होती आणि लोक ती वापरत. त्यामुळे अंगानं १९५८ ची असलेली गाडी पोटात १९६३ चं इंजिन घेऊन फिरत असेल, तर त्यात कुणी फसवलंच असेल असं नाही. डायनॅमोच्या बैठकीखाली क्रँककेसवर इंजिनाचा नंबर कोरलेला असतो. ‘एफ’नं सुरुवात असेल तर १३००, ‘एच’ असेल तर १५००. तो नंबर आणि नळी यांची साक्ष जुळते का, ते बघायचं.

नळीच्या या फरकांमागे टंचाईचाही इतिहास आहे. १९४५ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश लष्कराचे मेजर आयव्हन हर्स्ट वोल्फ्सबुर्गच्या त्या बॉम्ब पडलेल्या कारखान्यात आले, तेव्हा गाडीचा साचा होता, पण बाहेरून येणारे सुटे भाग मिळत नव्हते. कार्ब्युरेटर हे मोठं दुखणं. त्यांनी त्याचे मोठे ओतीव भाग कारखान्यात आणि जेटसारखे बारीक भाग ब्राउनश्वाइगच्या फोइग्टलेंडर या कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीकडे करून घेतले. त्यामुळे त्या पहिल्या वर्षांतली इंजिनं तपासताना पुस्तकातल्या चित्राशी तंतोतंत जुळत नाही म्हणून भाग नकली ठरवण्याची घाई मी तरी करणार नाही.

आणखी एक मोह टाळावा. काही मॅनिफोल्डवर कार्ब्युरेटरखाली दोन्ही नळ्यांभोवती अॅल्युमिनियमचा जाड आवरणासारखा भाग ओतलेला असतो, ऊब नीट पोहोचावी म्हणून. काहींत नुसतंच पोलाद. हा फरक टिपून ठेवावा, पण तेवढ्यावरून साल सांगू नये.

हवेवर थंड होणाऱ्या दुसऱ्या गाड्यांनी हा प्रश्न वेगळा सोडवला. पोर्शे ३५६ ची सुरुवात बीटलच्याच इंजिनावरून झाली, पण तिला प्रत्येक बाजूला स्वतंत्र कार्ब्युरेटर दिला. त्यामुळे लांब आडवी नळीच उरली नाही, वीतभर बुटकी नळी पुरली. अमेरिकेत १९६० मॉडेल म्हणून आलेल्या शेव्हरले कॉर्व्हेअरमध्ये तर मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला होता. तिथे अदलाबदलीचा प्रश्नच नाही, हेड म्हणजेच मॅनिफोल्ड.

बीटलचं तसं नाही. नट-बोल्ट काढले की नळी हातात येते, आणि म्हणूनच ती हरवते, कापली जाते, भलत्या गाडीवर चढते. एकूण दोन कोटी पंधरा लाखांहून जास्त बीटल बनल्या. शेवटची ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतल्या पुएब्लामध्ये. नवे बनवलेले मॅनिफोल्ड मिळतातही. पण पन्नासच्या दशकातली मूळ, न कापलेली, गरम नळी मोकळी असलेली नळी शोधायला गेलात तर कळेल.

कुणाच्या घरी असं इंजिन असेल, तर एवढं करा. इंजिन सुरू करून काही मिनिटांनी गरम नळीजवळ हात न्या, लावू नका. दोन्ही बाजूंना धग जाणवली पाहिजे. नसेल, तर साफ करा, कापू नका. मॅनिफोल्ड काढावाच लागला, तर त्याला तारेनं एक चिठ्ठी बांधा : इंजिनाचा नंबर, सीसी, तोंडाचं माप. आमच्याकडे आलेल्या त्या चुकीच्या मॅनिफोल्डला मी अशीच चिठ्ठी बांधली होती, ‘११९२ सीसी, २८ मिमी’. पुढे कोल्हापूरहून एक गृहस्थ त्यांच्या १९६२ च्या बीटलसाठी असाच मॅनिफोल्ड शोधत आले. त्यांनी खिशातून व्हर्नियर काढला, तोंड मोजलं, माझ्या चिठ्ठीकडे बघितलं आणि नळी काखेत मारून निघाले.