टायटॅनियमला पोलादी छर्रे सोसत नाहीत

रायपूरच्या उरला-सिलतरा पट्ट्यात धातूकाम म्हणजे पोलाद: स्पंज आयर्न, रोलिंग मिल, फॅब्रिकेशन. तिथे गंज आणि पपडी काढायला शॉट ब्लास्टिंग असतंच. पोलादी छर्रे आपटायचे, चाळून पुन्हा वापरायचे. स्वस्त आणि चोख काम. पण हाच हात टायटॅनियमवर चालवला, की घोटाळा होतो.

आपटलेला प्रत्येक दाणा उसळून परत येत नाही. काही कण धातूत रुतून बसतात. टायटॅनियम गंजत नाही ते त्याच्यावरच्या अतिशय पातळ ऑक्साइडच्या थरामुळे. त्यात लोखंडाचे कण रुतले, की दमट हवेत तांबूस ठिपके उमटतात. म्हणून माध्यम, म्हणजे मारायचे दाणे, निवडताना ‘साफ किती होईल’ याआधी ‘मागे काय उरेल’ हे विचारावं. पोलादाचं काम झालेल्या ब्लास्टिंग कॅबिनेटमध्ये नवं ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइडचे दाणे) भरून भागत नाही. जुनी लोखंडी पूड त्यात मिसळतेच.

फक्त मंद, एकसारखी झळाळी हवी असेल तर काचेचे मणी उत्तम. ते गोल असल्याने कापत नाहीत, हलके ठोकतात. लेप धरण्यासाठी खरखरीतपणा हवा असेल तर पांढरं ॲल्युमिना. त्याच्या धारदार कडा धातू खरवडतात. पातळ पत्र्यावर मात्र दाब बेतानेच ठेवावा, एकाच बाजूने मारा झाला तर पत्रा वाकतो.

दातांच्या इम्प्लांटमध्ये हा विचार फार बारकाईने झाला आहे. प्रचलित पद्धतीत साधारण 250 ते 500 मायक्रॉनचे ॲल्युमिनाचे दाणे मारतात, मग आम्लाने कोरतात. अशा खडबडीत पृष्ठभागाला हाड चांगलं धरतं. ॲल्युमिना आम्लात सहज विरघळत नाही, म्हणून काही उत्पादक कॅल्शियम फॉस्फेटचे दाणे वापरतात. रुतलेले दाणे आम्लात विरघळून जातात. मला ही युक्ती सर्वांत हुशारीची वाटते.

हवेत तापवलेल्या टायटॅनियमवर ऑक्सिजन मुरलेला ठिसूळ थर तयार होतो. ब्लास्टिंगने वरची पपडी निघते, हा थर पुरता निघेलच असं नाही. त्यासाठी आम्लाची प्रक्रिया किंवा मशीनिंग लागतं.

महानदीची वाळू हाताशी आहे म्हणून ती नळीत भरण्याचा मोह नको. वाळूतल्या सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो आणि तो बरा होत नाही.

टायटॅनियमची बारीक धूळ पेटते, आणि पेटल्यावर पाणी मारलं तर हायड्रोजन सुटून आग भडकते. जवळ कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीची खास पावडर असावी. धूळ ओढणारं यंत्रही वेगळंच हवं: गंजलेल्या लोखंडाच्या पुडीत टायटॅनियमची पूड मिसळली, की एक ठिणगीही पुरते.