निगेटिव्ह म्हणजे घरचे बियाणे

गेल्या पावसाळ्यात माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली, तर आल्बमला वाळवी लागलेली. आईचा एकुलता एक फोटो पार गेला होता. पण तळाशी एका पाकिटात निगेटिव्हच्या काळ्या पट्ट्या मिळाल्या. उजेडाकडे धरल्या, तर आईचे केस पांढरे आणि चेहरा काळा! मुले म्हणाली, "टाकून द्या." मी त्या पदरात बांधून बोरिवलीला भाच्याकडे नेल्या.

फिल्मवर जिथे उजेड जास्त पडतो, तिथे ती जास्त काळी होते. म्हणून निगेटिव्हमध्ये सारे उलटे. कागदाच्या साध्या स्कॅनरने काम होत नाही. फिल्ममधून उजेड आरपार जावा लागतो. भाच्याने तसा स्कॅनर वापरून चित्र संगणकात घेतले. संगणक उजेड आकड्यांत मोजतो : काळा ०, पांढरा २५५. प्रत्येक आकडा २५५ मधून वजा केला, की ४० चे २१५ होतात आणि काळ्याचे पांढरे. फुकट मिळणाऱ्या 'गिंप'मध्ये याला 'इन्व्हर्ट' म्हणतात. 'फोटोशॉप'मध्ये कंट्रोल आणि आय ही बटणे एकदम दाबतात.

चित्र सुलटे झाले, पण धुक्यातल्यासारखे फिके. भाच्याने 'लेव्हल्स'मध्ये काळे व पांढरे टोक आत ओढले. आई समोर आली! तरी काही खटकत होते. मी म्हटले, "अरे, पदर उजव्या खांद्यावर कसा?"

"मावशी, पट्टी पालथी ठेवली गेली," तो हसला. चित्र आरशासारखे फिरवताच पदर जागेवर आला.

रंगीत निगेटिव्हला मात्र जास्त खटपट लागते. त्या फिल्मचा मूळ रंगच नारिंगी असतो. नुसते उलटे केले तर माणसे निळसर दिसतात. तिथे लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांच्या पातळ्या वेगवेगळ्या बसवाव्या लागतात.

भगिनींनो, फोटो म्हणजे धान्य, तर निगेटिव्ह म्हणजे बियाणे. पट्टी कडेला धरा, बोटांचे ठसे उमटू देऊ नका. कोरड्या कागदी पाकिटात, चुलीच्या धुरापासून व ओलीपासून दूर ठेवा. संगणकात चित्र घेतल्यावरही ती टाकू नका. मोबाईल बिघडला तर पुन्हा तिच्यापासूनच फोटो उगवेल.

आता आईचा फोटो आमच्या देवघराशेजारी आहे. नातवंडे विचारतात, "ही कोण?" आणि मी सांगायला बसते.